ऑर्किडचा रिलीव्हर

रोह्यातून आजवर जेवढी माणसं कंपनीतून रिटायर झाली, त्यांतल्या एकाच माणसाने ती बातमी अजून मनावर घेतलेली नाही, आणि तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ते मला 'पेण' म्हणतात, कारण मी पेणला राहतो. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म शिफ्टमध्ये काढला. वॉकीटॉकीवर बोलून बोलून जीभ तशीच वळली आणि माणसाला नाव असतं हे ते हळूहळू विसरले. फोन उचलला की पलीकडून खणखणीत आवाज येतो, "हॅलो पेण, रोहा बोलतोय. ओव्हर." त्या 'ओव्हर'नंतरच आपण बोलायचं. मध्ये तोंड घातलं तर ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. त्यांची एक मावसबहीण नागोठण्याला दिली आहे, ती 'नागोठणे'. डोलवीला कंत्राटात लागलेला भाचा, तो 'डोलवी'. दिवाळीला सगळे त्यांच्याकडे जमले की जिल्ह्याचा नकाशाच जेवायला बसलाय असं वाटतं. "नागोठणे, भात घे. डोलवी, ताटात टाकू नको. पेण, तू का गप्प?"

मी गप्पच असतो. जोहे गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करतो. वर्षाचे बारा महिने मूर्तीच्या तोंडासमोर बसून माझी बोलायची सवय गेली आणि कोणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय ही भावना तेवढी राहिली. त्यामुळे मी कायमचाच अपराधी. शेजारच्या घरात कपबशी फुटली तरी माझा चेहरा पडतो. कंडक्टर तिकीट विचारायला आला की हातात तिकीट असूनही मला घाम फुटतो. आणि साडूभाऊंच्या बाबतीत तर माझ्याकडे खरीखुरी कारणं आहेत. त्यांचा संध्याकाळचा फोन वाजला की 'घरात नाहीत म्हणून सांग' अशी खूण मी बायकोला कैकदा केली आहे. कारखान्यात त्यांच्या नकला करून मी लोकांना पोट धरधरून हसवलं आहे. गप्प माणसाने केलेली नक्कल जरा जास्तच रंगते. हे सगळं मी आज मोकळेपणाने लिहितोय, कारण पोटातलं बाहेर काढण्याचं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदा केलं ते त्यांच्याचपुढे. पण ते नंतर. आधी ऑर्किड.

साडूभाऊंच्या घरात एक ऑर्किड आहे. एकच. लोकांकडे बाग असते, गच्चीवर कुंड्या असतात. इथे ऑर्किडच्या मालकीचं एक घर आहे आणि त्या घरात साडूभाऊ आणि ताई राहतात, असा प्रकार आहे. ते आलं कसं, तर साडूभाऊंच्या निरोपसमारंभात. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. स्टेजवरच्या टेबलावर शोभेला एक कुंडी ठेवली होती, गुलाबी-जांभळ्या फुलांची. जणू ओळीने फुलपाखरं येऊन बसली आहेत. कार्यक्रम संपला, लोक बटाटेवड्याकडे वळले आणि जाता जाता कुणीतरी बाटलीतलं उरलेलं पाणी त्या कुंडीत ओतलं. साडूभाऊ थबकले. "याला आता कोण बघणार?" त्यांनी विचारलं. हॉलवाला म्हणाला, "उद्या फेकून देणार, काका." आता शिफ्टमधल्या माणसाचा एक धर्म असतो. आपली पाळी संपली तरी पुढचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या पुढच्या माणसाला ते रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हर आला नाही तर पुढची पाळीही आपणच करायची. मग सण असो, नाहीतर घरात बायको बाळंत होत असो. साडूभाऊंनी त्या कुंडीच्या आजूबाजूला पाहिलं. रिलीव्हर कुठे दिसेना. तेव्हा खांद्यावर शाल, पिशवीत नारळ आणि छातीशी कुंडी, अशा थाटात ते घरी आले. ताई अजून सांगतात, "मला वाटलं हे रिटायर होऊन आले. हे तर ओव्हरटाइम घेऊन आले!"

ऑर्किड साधंसुधं नाही हे त्यांनी लवकरच शोधून काढलं. जात फॅलेनॉप्सिस, त्यात संकरित, मूळचं उष्ण मुलखातल्या दाट रानातलं, झाडांच्या अंगावर राहणारं. "हायब्रिड हाय, पेण. आईकडची माणसं एका बेटावरची, बापाकडची दुसऱ्या. कुणाचा स्वभाव कधी वर येईल सांगता येत नाय," असं म्हणताना ते उगाच ताईंकडे बघतात. मग त्याची कुंडी बदलली. लोणच्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीला तापल्या सुईने भोकं पाडली, आत मातीचा कण नाही, नुसते लाकडी कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे चौकोन. मुळं बाहेरून दिसली पाहिजेत. मुळं रुपेरी दिसली म्हणजे तहान लागली, हिरवी दिसली म्हणजे पोट भरलेलं आहे. साडूभाऊ रोज सकाळी चहाच्या आधी बरणीपुढे उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि निकाल जाहीर करतात. "रुपेरी!" की ताईंनी चहाचं आधण उतरवायचं, कारण आता ओटा त्यांना लागणार. पाणी नळाचं चालत नाही, त्यात औषध असतं. पावसाळ्यात पागोळीखाली भरून ठेवलेल्या कॅनमधलं लागतं. ते कोमट आहे की गार, हे कोपर बुडवून बघायचं, तान्ह्या पोराच्या अंघोळीला बघतात तसं. पाणी घालून झालं की पानांच्या बेचक्यात थेंब राहता कामा नये, नाहीतर मधला कोंब सडतो. तो थेंब टिपायला त्यांना जुन्या सुती लुगड्याचाच तुकडा लागतो. ताईंच्या आईची आठवण म्हणून ठेवलेलं एक लुगडं असं थेंबाथेंबाने संपलं. मग बरणीला एक लाल पाटी अडकवली जाते. ती कंपनीतून आणलेली आहे. 'काम चालू आहे. हात लावू नये.'

उन्हाचंही तसंच. ऊन नको, उजेड हवा. पूर्वेच्या खिडकीत पडदा लावून ते पानांवर आपला हात धरतात आणि सावली बघतात. सावलीची कड सुरीसारखी धारदार पडली की पडदा ओढायचा, धुरकट पडली की ठीक. पाहुणा खिडकीपाशी उभा राहिला तर ते बोलता बोलता त्याला खांद्याला धरून दोन पावलं सरकवतात. आपण उजेडात आलो होतो हे पाहुण्याला घरी गेल्यावर कळतं. झाडाला खेळती हवा लागते म्हणून हॉलमधला पंखा बारीक गतीवर अहोरात्र चालू. लाइट गेली की साडूभाऊ वर्तमानपत्राची घडी घेऊन ऑर्किडला वारा घालत बसतात. एकदा मी तिथे असताना असेच दिवे गेले. मे महिना, रोह्याचा उकाडा, ताई पदराने मान पुसत म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात नाय हो कधी वारा घातलात."

"तुला हात होते गो," साडूभाऊ वारा घालता घालता म्हणाले. "हिला कुठायत?"

पण खरा कहर म्हणजे आंबा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, हे केमिकलवाल्या माणसाला न ठाऊक असून कसं चालेल? "अरे, तिकडं नागोठण्याला एवढी मोठी कंपनी उभी हाय ती ह्याच वायूवर," ते डोळे मोठे करून सांगतात, जणू एक पायरी आंबा घरात आला तर तेवढी कंपनीच हॉलमध्ये घुसेल. तेव्हा कळ्या असोत नसोत, या कोकणातल्या घरात आंब्याला, केळ्याला, फणसाला, चिकूला प्रवेश बंद. त्यांची अढी शेजाऱ्यांच्या माळ्यावर. गेल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेने पेणहून आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन गेलो. दारातूनच आवाज आला, "पेण, स्टॉप! पेटी बाहेर. ओव्हर." मग आम्ही सगळ्यांनी, म्हणजे मी, माझी बायको, ताई आणि स्वतः साडूभाऊंनी, बाहेरच्या पायरीवर ओळीने बसून, कोपरापर्यंत रस ओघळवत आंबे खाल्ले. हात बाहेरच्या नळावर साबणाने धुतल्याशिवाय आत घेतलं नाही. रस्त्याने जाणारा एक ओळखीचा थांबून म्हणाला, "काय, घरात कुणी वारलं काय?"

आणि पुराची रंगीत तालीम! कुंडलिका नदीला पाणी चढायच्या दिवसांत कंपनीत जशी तालीम घेतात तशी ते घरात घेतात. तोंडानेच भोंगा वाजवतात. भोंगा झाला की ताईंनी गॅस बंद करायचा, बरणी उचलायची आणि जिन्याने गच्चीवर जायचं. साडूभाऊ पुढे बॅटरी घेऊन. पहिल्या तालमीला ताई अर्ध्या जिन्यात दम खायला थांबल्या आणि म्हणाल्या, "झाडाला मी उचललं. मला कोण उचलणार?" साडूभाऊंनी वरून शांतपणे उत्तर दिलं, "तू फिरती यंत्रणा हायस. ती फिक्स हाय."

एवढं सगळं करून त्या ऑर्किडने काय दिलं? पानं. रिटायरमेंटच्या दिवशीची फुलं गळाली त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली, दर वर्षी एखादं जाड, हिरवं, तुकतुकीत पान आणि बाकी शांतता. मी कारखान्यात म्हणायचो, "आमच्या साडूंनी घरात अळू लावलाय." लोक हसायचे. साडूभाऊ मात्र दर थंडीत आशेने खिडकी किंचित उघडी ठेवायचे, कारण रात्री थोडा गारवा लागला तर फुलाची दांडी निघते म्हणे. आणि या वर्षी निघाली. पानांच्या खालून एक हिरवं टोक आलं, ते मूळ की दांडी यावर आठवडाभर वाद झाला, मग ते उजेडाकडे वळलं, हातभर वाढलं आणि त्याला टपोऱ्या कळ्या धरल्या. साडूभाऊंचा फोन आला तेव्हा ते 'ओव्हर' म्हणायचं विसरले होते.

नेमक्या त्याच दिवसांत त्यांना दम लागायला लागला. जिना चढले की भिंतीला टेकायचे. ताईंनी हट्टाने पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत मी होतो. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झालाय, बदलावा लागेल. दुसऱ्या कुणाचे हातपाय गळाले असते. साडूभाऊ खुर्ची पुढे ओढून बसले. "गळती हाय की चोकप?"

"गळती आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग जागच्या जागी टाइट करून नाय भागणार?"

"आता ती वेळ गेली. बदलायलाच हवा."

"म्हणजे लाइन बंद करणार, बायपास चालू करणार, मग जुना व्हॉल्व्ह काढणार." साडूभाऊंनी माझ्याकडे वळून समाधानाने मान हलवली. "आमच्याकडूनच शिकलेत हे." डॉक्टरही हसले. पण मग गंभीर होऊन म्हणाले, यात उशीर करू नका, उशीर केलात तर मी जबाबदार नाही. साडूभाऊ म्हणाले, "हो हो. फूल येऊन जाऊ द्या, की लगेच."

आणि इथून सगळं अडलं. डॉक्टरांची तारीख आली, साडूभाऊ म्हणाले कळी फुगतेय. दुसरी तारीख आली, म्हणाले, आता हलवलं, हवा बदलली तर कळ्या गळतील, एवढी वर्षं थांबलो ते काय त्यासाठी? ताई रडल्या, रागावल्या, दोन दिवस अबोला धरून बघितला. शेवटी त्यांनी मला फोन केला. "भाऊ, तुमचं ऐकतात ते." माझं कुणीच ऐकत नाही, कारण मी बोलतच नाही, पण त्या दिवशी ताईंच्या आवाजात असं काही होतं, की मी एसटी धरून रोह्याला गेलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, मी राहतो इथे. मी बघतो झाडाला." त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. मग माझे हात हातात घेतले, तळवे उलटसुलट करून पाहिले. "पेणचा हात हाय. थरथरत नाय," ते ताईंना म्हणाले, आणि मी रिलीव्हर म्हणून पास झालो.

मग हँडओव्हर सुरू झाला. प्रत्येक सूचना मी त्यांच्या मागून म्हणून दाखवायची. पाणी सकाळी. पाणी सकाळी. बरणी फिरवायची नाय. बरणी फिरवायची नाही. "'नाही' नको. 'नाय' म्हण. मी सांगितलं तसं रिपीट कर." गाडीत बसल्यावरही काच खाली करून त्यांनी विचारलं, "मुळं रुपेरी म्हणजे?" मी म्हणालो, "तहान." मगच गाडी हलली. ताई आणि माझी बायको त्यांच्याबरोबर गेल्या. मी त्या घरात एकटा, आणि समोर ते झाड.

आता जे घडलं ते पेणच्या माणसाच्याच हातून घडू शकतं. आमच्या धंद्यात एक गोष्ट हाडात भिनलेली असते: मूर्तीचं तोंड बघणाऱ्याकडे असलं पाहिजे. आणि ते ऑर्किड सगळ्या कळ्यांसकट खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे पाठ करून उभं. बरणी फिरवायची नाही, हे मला पाठ होतं; मी बरणी फिरवलीच नाही. मी फक्त दांडी जराशी हॉलकडे वळवून, काडीचा आधार देऊन, दोऱ्याने बांधणार होतो. साडूभाऊ घरी येतील, दार उघडेल, आणि फुलं समोर हसत असतील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. ओल्या मूर्तीचा हात आम्ही असाच बोटाच्या दाबाने वळवतो. पण ही दांडी प्लास्टरची नव्हती. टच् असा आवाज झाला आणि कळ्यांचा अख्खा तुरा माझ्या हातात आला.

त्या क्षणी शहाण्या माणसाने काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कारखान्यात मूर्तीचा हात दुखावला तर आम्ही जे करतो तेच माझ्या हातांनी मला न विचारता केलं. माझी पिशवी बरोबर असतेच. आत बारीक तार, बाहेरून काथ्याचा वेढा, वर प्लास्टरचा हात, पॉलिश पेपर, आणि मग रंग. हिरव्यात किंचित तपकिरी, किंचित जांभळा. जोड सुकला तेव्हा मी लांब उभा राहून पाहिलं. तुरा अगदी समोर, दर्शनी. इतकी सुंदर जोडणी मी आयुष्यात केली नसेल. आणि मग मी खाली बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. त्याआधी आज संध्याकाळी त्यांचा फोन येणार, आणि त्यांना कळलं तर ते हॉस्पिटलच्या कपड्यांत उठून रोह्याची गाडी धरणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मी बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. ती आधी खोलीबाहेर गेली. मग दबक्या आवाजात म्हणाली, "गप्प बसा. लग्न झाल्यापासून गप्प बसलात ना? मग आज एक दिवस बसा. भावजींना एक अक्षर सांगू नका." तिचं बरोबर होतं. गप्प बसणं हे एकच काम मला उत्तम येतं.

दिवेलागणीला फोन वाजला. "हॅलो पेण, रोहा बोलतोय. पनवेलवरून. ताई चहाला गेलीय, नर्सबाई गेलीय. रिपोर्ट दे. ओव्हर."

"पाणी सकाळी घातलं," मी म्हणालो. "मुळं हिरवी. पानं पुसली."

"आणि कळ्या?"

मी 'ठीक' म्हणायला तोंड उघडलं. त्या जोडाकडे पाहिलं. तो इतका छान दिसत होता की मला स्वतःची किळस आली. "साडूभाऊ," मी म्हणालो, "दांडी मोडली. माझ्या हातून. मी वळवायला गेलो."

पलीकडे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग साडूभाऊंनी विचारलं, "तुला लागलं नाय ना?"

मला प्रश्नच कळला नाही. "मला?"

"तुला रे. काही कापलं, खुपलं? तू ठीक हायस ना?"

"मी ठीक आहे."

"बस. माणूस ठीक हाय ना, मग बाकीचं बोलू निवांत. प्लँटमध्ये काय पण झालं तरी पहिला हाच प्रश्न. नुकसान मागनं विचारायचं." आणि मग, "तुरा कुठाय आता?"

"झाडावरच आहे. मी... जोडला."

"जोडला? कशानं?"

"प्लास्टरने. तार घालून. वर रंग दिला."

आधी एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं त्यांना काहीतरी झालं. मग कळलं, साडूभाऊ हसतायत. "अरे पेण! अरे ती काय गणपतीची सोंड हाय?" हसता हसता त्यांना धाप लागली, तरी ते हसत राहिले. "रंग पण दिलास? डोळे नाय ना काढलेस तिला?" मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हसू ओसरल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं. मोडल्या जागेच्या खाली आणि वर ब्लेडने कापायचं. कापल्यावर झाडाकडच्या जखमेला दालचिनीची पूड लावायची, मसाल्याच्या डब्यात नाय, वरच्या फळीवर हाय. तुरा पेल्यात, पाण्यात. मी एकेक वाक्य मागून म्हटलं. 'नाय'सकट.

सूचना संपल्या, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. "पेण," ते म्हणाले. खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "एक सांगतो, ताईला बोलू नको. ही फुलं उमलली असती ना, तर मी म्हणणार होतो, पाकळ्या गळेपर्यंत थांबा. दोन-तीन महिने टिकतात त्या. तोवर पाऊस. मग पुराचं निमित्त. मला भीती वाटते रे. प्लँट बंद करतो तेव्हा शिफ्ट इन्चार्जला खात्री असते की पुन्हा चालू होईल, कारण तो बाहेर उभा असतो. इथं मीच प्लँट हाय."

मला बोलायची सवय नाही. "मी इथे आहे," मी म्हणालो. "तुम्ही दारात येऊन उभे राहीपर्यंत मी जागा सोडत नाही." आणि मग बांध फुटलाच होता म्हणून तेही सांगितलं, "साडूभाऊ, मी कितीदा घरात असून तुमचा फोन घेतलेला नाही."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "बायको 'नायत घरात' सांगायची तेव्हा मागनं तुझं खोकणं ऐकू यायचं."

"मग तरी रोज का करत होतात?"

"खोकतोयस, म्हणजे ठीक हायस. तेवढं कळायचं की." मागे ताईंच्या बांगड्या वाजल्या आणि साडूभाऊ घाईने मोठ्याने म्हणाले, "हां, तर उद्या सकाळी लाइन बंद. ओव्हर."

ते परत आले. बारीक झाले होते, पण स्वतःच्या पायांनी पायरी चढून आले. मी दारात उभा राहून हँडओव्हर दिला, त्यांनी बरणीपुढे बसायचा हट्ट केला, ताईंनी खुर्ची दिली. पेल्यातल्या तुऱ्यावरची सगळ्यात खालची कळी उमलली होती, जराशी फिकट; बाकीच्या सुकल्या. ते एक फूल साडूभाऊंनी बराच वेळ बघितलं. प्लास्टरचा जोड मात्र त्यांनी शोकेसमध्ये ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवतात आणि माझ्या देखत माझी नक्कल करतात. चांगली करतात.

आता मी दर पंधरवड्याला रोह्याला जातो. कुणी बोलवत नाही, कामही नसतं. नवा व्हॉल्व्ह धातूचा आहे. दुपारी जेवणं झाली, रस्ता निवांत झाला, साडूभाऊ खुर्चीत डुलकी घ्यायला लागले, की त्यांच्या छातीतून मनगटी घड्याळासारखा बारीक टिकटिक आवाज येतो. पहिल्यांदा मी दचकलो होतो. ताई आतून भांडी पुसत म्हणाल्या, "मला पण आधी कसंतरीच व्हायचं. आता तो ऐकू आला नाय तर मला डोळा लागत नाय." ते झोपेत कूस बदलतात, आवाज क्षणभर दबतो, मग पुन्हा येतो. मला गाडी गाठायची असते. 'निघतो' म्हणायला मी उठतो, आणि अजून थोडा वेळ म्हणून पुन्हा खाली बसतो.